धुराची हुंडी

पेढीवर हुंडी आली की तिचा कागद किती गुळगुळीत आहे किंवा अक्षर किती वळणदार आहे, हे कोणी पाहत नाही. रक्कम किती, मुदत कोणती, लिहून देणारा कोण आणि मुदतीच्या दिवशी ती पटेल की नाही, एवढेच पाहिले जाते. आपल्या व्यवसायातील हा नियम जुना आहे. परंतु तो लावून पाहावा असा एक नवाच व्यवहार गेल्या काही वर्षांत जगाच्या बाजारात सुरू झाला आहे. मोठमोठ्या मोटार कंपन्या अमुक सालापर्यंत आपला कर्बवायू इतके टक्के कमी करू, अमुक साली तो शून्यावर आणू, अशी वचने जाहीरपणे देऊ लागल्या आहेत. भागधारकांपुढील अहवालांत या वचनांना मानाचे पान मिळते. कोणी त्यांना थोतांड म्हणून झिडकारतो, तर कोणी त्यांत नव्या युगाची पहाट पाहतो. प्रस्तुत लेखकाला ही दोन्ही मते घाईची वाटतात. ही वचने म्हणजे मुदती हुंड्या आहेत, आणि हुंडी जशी वाचावी तशीच ती वाचली पाहिजेत. शिवाय तिच्या देण्याचा काही भाग आपल्या अनेक सभासदांच्या खात्यावर पडू लागला असल्यामुळे, ती वाचण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

प्रथम मालाची ओळख करून घेऊ. पेट्रोल जळते तेव्हा त्यातील कार्बनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्ल वायू, तयार होतो. एक लिटर पेट्रोल वजनाला सुमारे पाऊण किलो असते. परंतु त्यापासून निघणारा हा वायू सुमारे २.३ किलो भरतो. डिझेलच्या लिटरामागे हे वजन २.६ किलोहून थोडे अधिक असते. वाढलेले वजन हवेतून घेतलेल्या प्राणवायूचे होय. आता लिटरला १५ किलोमीटर जाणारी एक साधी मोटार घ्या. आपल्या आयुष्यात ती दीड लाख किलोमीटर धावली तर दहा हजार लिटर पेट्रोल पिईल आणि २३ टन कर्बवायू हवेत सोडील. मोटारीचे स्वतःचे वजन टन-सव्वा टन! हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात राहून पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. त्यामुळे आज केलेली उधारी नातवंडांच्या खात्यावर चढते.

हा हिशेब ठेवण्यासाठी जगभर तीन खतावण्यांची रीत रूढ झाली आहे. कारखान्याच्या स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर आणि वाहने यांतून निघणारा वायू पहिल्या खतावणीत लिहिला जातो. बाहेरून विकत घेतलेल्या विजेपोटी वीजकेंद्रात निघालेला वायू दुसऱ्या खतावणीत जातो. तिसरीत उरलेले सर्व येते : पोलाद, ॲल्युमिनियम, काच, रबर, बॅटरी यांच्या उत्पादनात झालेले उत्सर्जन, आणि मोटार विकल्यानंतर गिऱ्हाइकाने जाळलेल्या इंधनाचे उत्सर्जन. पेट्रोल-डिझेलच्या मोटारीच्या आयुष्यातील एकूण कर्बवायूपैकी सुमारे तीन चतुर्थांश या शेवटच्या बाबीतच असतो. एखादी मोटार कंपनी “आमचा कारखाना कर्बमुक्त झाला” असे अभिमानाने सांगते, तेव्हा ती खोटे बोलते असे नव्हे. परंतु ती लहान खतावणी उघडून दाखवीत असते आणि मोठी गल्ल्याखाली असते. गोडेतेलाच्या व्यापाऱ्याने दुकानातल्या दिव्याला जळलेल्या तेलाचा तेवढा चोख हिशेब दाखवावा आणि विकलेल्या डब्यांविषयी मौन पाळावे, तशातलाच हा प्रकार.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जर्मनीची फोक्सवॅगन ही जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक असून तिचा उद्योगसमूह वर्षाला सुमारे ९० लाख वाहने विकतो. युरोपात डिझेल मोटारींचा प्रसार झाला त्याचे एक कारण असे की, त्या पेट्रोलच्या मोटारींपेक्षा दर किलोमीटरला कमी कर्बवायू सोडतात. परंतु डिझेलचा दुसरा दोष म्हणजे नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे, जी माणसाच्या फुप्फुसाला अपाय करतात. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारींच्या धुराड्याला मापनयंत्र जोडून त्या खऱ्याखुऱ्या रस्त्यावर चालविल्या, तेव्हा प्रयोगशाळेतले आकडे आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. पुढे १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नियमभंगाची नोटीस बजावली. मोटार चाचणीच्या यंत्रावर आहे हे ओळखून तेवढ्या वेळापुरता धूर कमी करणारी आज्ञावली कंपनीने मोटारींत बसविली होती. रस्त्यावर ती सुटली की नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाई. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख मोटारींत ही आज्ञावली असल्याचे कंपनीने कबूल केले. पाच दिवसांतच कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. दंड, भरपाई आणि मोटारी परत घेणे यांपायी कंपनीला ३,००० कोटी युरोंहून अधिक रकमेला मुकावे लागले.

हा घोटाळा प्रामुख्याने नायट्रोजन ऑक्साइडांचा होता, कर्बवायूचा नव्हे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुमारे आठ लाख मोटारींच्या कर्बवायूच्या आकड्यांतही गफलत असल्याची शंका कंपनीने स्वतः जाहीर केली; तथापि डिसेंबरातील फेरतपासणीनंतर हा प्रश्न वर्षाकाठी सुमारे ३६ हजार मोटारींपुरताच असल्याचे तिने सांगितले. परंतु धडा दोन्हीकडे एकच आहे. माप घेणारा आणि माल विकणारा यांच्यात अंतर नसेल, तर काटा हळूहळू विकणाऱ्याच्या बाजूला झुकतो.

या प्रकरणाचे धागेदोरे आपल्या मुलखापर्यंत पोहोचले होते. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ साली सुरू झाला. अमेरिकेतील प्रकार उघडकीस आल्यावर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने येथील मोटारींची तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. भारतीय निकषांचा आपण भंग केला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये तिला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

त्याच कंपनीने पुढे हवामानरक्षणाची मोठी हुंडी लिहिली. आपल्या समूहाच्या वाहनांचा वाटा जगाच्या कर्बवायूत सुमारे एक टक्का आहे, असे तिचे तत्कालीन प्रमुख हर्बर्ट डीस यांनी उघडपणे सांगितले. २०५० पर्यंत संपूर्ण समूह कर्बतटस्थ करू, आणि २०१८ च्या मानाने २०३० पर्यंत एका मोटारीच्या आयुष्यभराच्या सरासरी उत्सर्जनात ३० टक्के घट करू, असे वचन तिने दिले. झ्विकाउ येथील जुना कारखाना विजेच्या मोटारींसाठी बदलण्यात आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. हे काम खरे आहे. त्यात घातलेला पैसाही खरा आहे. या वचनात तिसरी खतावणी उघडली गेली, हेही कबूल केले पाहिजे. तरीसुद्धा हुंडी वाचणाऱ्याने दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली अशी की, ३० टक्क्यांचे वचन एका मोटारीमागे आहे, एकूण बेरजेवर नाही. मोटारी अधिक खपल्या तर दर नगाचा आकडा उतरूनही बेरीज तेवढी उतरणार नाही. दुसरी अशी की, त्या मोटारी कर्बतटस्थ म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती देण्यासाठी इंडोनेशियातील बोर्निओ बेटावरच्या काटिंगान-मेंताया येथील जंगलरक्षणाची पत्रे विकत घेण्यात आली. जंगल राखणे चांगलेच. परंतु आपले देणे दुसऱ्याच्या जमेने फेडण्याची ही रीत असून, ते जंगल एरवी तुटले असते की नाही हे कोणालाही वजन करून दाखविता येत नाही.

मग वचने खरी कशाने होतात? याचे उत्तर युरोपच्याच आकड्यांत सापडते. युरोपीय संघाने असा कायदा केला की, प्रत्येक कंपनीने विकलेल्या नव्या मोटारींची सरासरी ठरावीक ग्रॅमांच्या आत असली पाहिजे. २०१५ साठी ही मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅम होती आणि २०२० पासून ती ९५ ग्रॅमची होणार, हे फार आधीच ठरले होते. मर्यादा ओलांडल्यास दर ग्रॅममागे, दर मोटारीमागे ९५ युरो दंड. आता या मधल्या वर्षांत काय झाले ते पाहा. २०१६ साली नव्या मोटारींची सरासरी सुमारे ११८ ग्रॅम होती. २०१९ साली ती घटण्याऐवजी वाढून सुमारे १२२ ग्रॅम झाली, कारण अवजड मोटारींचा खप वाढत होता. हीच ती वर्षे, ज्यांत कंपन्या हवामानाविषयी सर्वांत गोड बोलत होत्या! आणि २०२० साली, मुदतीचे वर्ष उजाडताच, सरासरी एकदम सुमारे १०८ ग्रॅमवर उतरली. नव्या मोटारींतील विजेवर चालणाऱ्या व विजेची जोड असलेल्या मोटारींचा वाटा एका वर्षात सुमारे साडेतीन टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेला. त्या वर्षी फोक्सवॅगनची सरासरी आपल्या मर्यादेपेक्षा केवळ अर्ध्या ग्रॅमने अधिक भरली, तरी तिला दहा कोटी युरोंहून अधिक रक्कम दंडापोटी बाजूला काढावी लागली. तंत्रज्ञान २०१७ सालीही होतेच. तेव्हा मुदत भरलेली नव्हती, एवढाच फरक.

यावरून या लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. हवामानाचे उद्दिष्ट हे कंपनीच्या सद्गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. त्यामागे निश्चित मुदत, त्रयस्थाचे माप आणि न पटल्यास पडणारा दंड ही तिन्ही असतील तरच त्या कागदाला किंमत आहे. तिन्हींपैकी एकही नसेल तर ते शुभेच्छापत्र समजावे.

मुदती वाढवून घेण्याचाही परिपाठ पडू लागला आहे. स्वीडनच्या व्होल्वो मोटार कंपनीने २०२१ साली जाहीर केले की, २०३० पासून आपण केवळ विजेच्या मोटारी विकू. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने हे उद्दिष्ट सैल करून ९० ते १०० टक्क्यांवर आणले आणि त्यात पेट्रोलची जोड असलेल्या मोटारीही धरल्या. त्या जोड मोटारींविषयी युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने दाखवून दिले की, रस्त्यावरचे त्यांचे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सुमारे साडेतीनपट भरते, कारण मालक त्यांना विजेवर अपेक्षेपेक्षा फारच कमी चालवितात. खुद्द युरोपीय संघानेही २०२५ ची नवी मर्यादा त्याच वर्षी पाळण्याऐवजी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांच्या सरासरीने पाळण्याची सवलत दिली.

यावर कंपन्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. गिऱ्हाईक अपेक्षेप्रमाणे वळले नाही, चार्जिंगची केंद्रे पुरेशी झाली नाहीत, बॅटरीच्या किमती व सरकारी सवलती बदलत राहिल्या, असे त्या म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. बाजार मंदावला म्हणून मुदत मागणाऱ्या आसामीला आपणही कधी एकदम दिवाळखोर ठरवीत नाही. परंतु मुदत मागणारा आपल्या वह्या घेऊन येतो, किती फिटले आणि किती राहिले ते सांगतो आणि नवी तारीख लिहून देतो. जुना आकडा मुकाट्याने अहवालातून गाळणे आणि नवा आकडा नव्या चित्रांसह छापणे, याला मुदतवाढ म्हणत नाहीत. व्होल्वोने आपला बदल निदान उघडपणे जाहीर केला, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

दुसरा एक आक्षेप आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. विजेची मोटार शेवटी कोळशाच्याच विजेवर चालते, मग हा सारा खटाटोप कशाला? भारतातील विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून होते, हे खरे. बॅटरी बनविताना पुष्कळ ऊर्जा लागते आणि विजेची मोटार कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या नावावर पेट्रोलच्या मोटारीपेक्षा अधिक कर्ज असते, हेही खरे. परंतु पेट्रोलच्या मोटारीचे कर्ज दर किलोमीटरला ठराविक गतीने वाढतच जाते, तर विजेच्या मोटारीचे वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसे हलके होत जाते. अर्थात मोटार कंपनीचे उद्दिष्ट एकट्या तिच्या हाती नाही. वीजकेंद्राने आपली हुंडी पटविली नाही, तर मोटार कंपनीचीही पुरती पटणार नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. भारतातही मोटारींच्या सरासरी उत्सर्जनाचे निकष आहेत. २०१७-१८ पासून किलोमीटरला १३० ग्रॅम आणि २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम अशी पायरी ठरली, आणि ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची तरतूद अधिक स्पष्ट झाली. परंतु आपल्या सभासदांना याची झळ निराळ्या वाटेने लागत आहे. बेळगावच्या फौंड्र्यांतून मोटारउद्योगाला कास्टिंग जाते. इंदूरजवळच्या पिथमपुरात आणि वडोदऱ्याजवळच्या हालोलमध्ये वाहनांचे कारखाने आहेत, आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचा, लोखंडाचा, रंगाचा, वेष्टनाचा व वाहतुकीचा मोठा व्यापार चालतो. मोटार कंपनीने तिसरी खतावणी उघडली की तिच्यात या सर्वांचा हिशेब येतो. एका टन कास्टिंगमागे किती वीज, किती कोक, किती डिझेल, हे विचारणारे तक्ते आता लहान पुरवठादारांच्या टेबलावर येऊन पडू लागले आहेत.

येथे दोन धोके संभवतात. पहिला धोका अन्यायाचा. कंपनीने स्वतःच्या मोटारींचे वजन आणि आकार वाढवीत राहावे, आणि उद्दिष्टाचा भार मात्र नवी भट्टी घ्या, सौर वीज घ्या, पण दर तोच ठेवा, असे म्हणून लहान कारखानदारावर टाकावा, हे योग्य नव्हे. ज्याची हुंडी त्याने तिचा खर्चही वाटून घेतला पाहिजे. ही गोष्ट एकटा पुरवठादार बोलू शकत नाही, कारण त्याला ऑर्डर जाण्याची भीती असते. म्हणूनच ती संघाने एकमुखाने मांडावी.

दुसरा धोका आपल्या स्वतःच्या वृत्तीचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. तक्ता आला, मोजमाप नाही, वेळ नाही. तेव्हा शेजारच्याचा आकडा थोडा कमी-अधिक करून भरून टाकावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु असा आकडा लिहिणे म्हणजे फोक्सवॅगनच्या त्या आज्ञावलीचीच लहान आवृत्ती होय. हजार पुरवठादारांनी असे हजार आकडे लिहिले की त्यांच्या बेरजेवर एक दिमाखदार अहवाल उभा राहतो, आणि हवेतील वायू मात्र होता तेथेच असतो. शिवाय उद्या तपासनीस दारात आला तर मोठी कंपनी वकील उभा करील. लहान पेढीची मात्र अब्रू जाईल. जेथे माप नाही तेथे “माप नाही” असेच लिहावे. त्यात लाज नाही.

यास्तव आपल्या संघाने चार गोष्टी हाती घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक सभासदाने विजेचे बिल, कोळसा, कोक व डिझेल यांची खरेदी आणि महिन्याचे उत्पादन यांची एक साधी वही ठेवावी; ज्याला रोजकीर्द लिहिता येते त्याला यात काहीच अवघड नाही. ज्यांना भट्टीचे मोजमाप करून घ्यायचे आहे अशा सभासदांसाठी संघाने एकत्रितपणे तज्ज्ञ नेमावा, म्हणजे खर्च वाटला जाईल. मोटार कंपन्यांच्या पुरवठादार मेळाव्यांत आपल्या प्रतिनिधींनी नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे की, या सुधारणेचा खर्च दरात कसा धरणार? आणि चौथी गोष्ट घरातली आहे. मुलाच्या लग्नात किंवा दिवाळीच्या मुहूर्तावर मोटार घेताना तिची लांबी व उंची पाहण्याआधी लिटरला ती किती चालते हे पाहावे, आणि वर दिलेला २.३ किलोचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. युरोपातील सरासरी ज्या अवजड मोटारींनी बिघडविली, त्या विकत घेणारी माणसे आपल्यासारखीच संसारी होती.

असो. हवामानाची हुंडी आता फिरत राहणार आहे. तिच्यावर सही कोणाचीही असो, मुदत भरेल तेव्हा ती आपल्या मुलाबाळांच्या हाती असेल. ती वाचण्याची विद्या आपल्या समाजाजवळ पिढ्यान् पिढ्या आहे. खतावणी पुरी उघडी आहे ना, माप त्रयस्थाचे आहे ना, मुदत पक्की आहे ना, एवढे तीन प्रश्न प्रत्येक मोठ्या वचनाला विचारण्याची आणि स्वतःच्या लहानशा वहीत खरा आकडा लिहिण्याची सवय सभासदांनी लावून घ्यावी, एवढीच विनंती आहे.